बिनव्हिसाची वाट

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… जरा मोठ्यानं बोला, इथं दगड पडतायत, काही ऐकू येत नाहीये…

तात्या?

तात्या, तुमी? कुठं हाय तुमी?… बाहेर म्हंजे? ह्या हाटेलाच्या बाहेर?… ही माणसं तुमी आणलीत?

स्वरूपानं दुसरा कान हातानं दाबून धरला. भिगवणला हायवेच्या कडेला असलेल्या त्या मासळीच्या हॉटेलात, दहा मिनिटांपूर्वी, ती परदेशी पाहुण्यांना तळलेल्या चिलापीचे काटे कसे काढायचे ते दाखवत होती. मग पहिला दगड आला आणि पुढची काच खळकन खाली आली. मालकानं शटर ओढून घेतलं म्हणून सगळे आत वाचले. बाहेर राहिल्या त्या तीन गाड्या, आत पळता न आलेला एक ड्रायव्हर आणि दीडएकशे माणसं. ती कुणाची माणसं, हे तिला आत्ता कळत होतं. फोनवर तिचा सख्खा चुलता होता, कळंबचा तात्याबा.

ऐका… तात्या, ऐका ना माझं… व्हय, मला म्हाईत हाय आज पेटी यायची हुती. तिचे कागद मीच केले, मला म्हाईत नसंल व्हय?… न्हाय ओ, मासं खायला कशाला येईन. ड्युटी हाय ही… दौरा महिन्याआधी ठरलेला. सांजच्याला मी कळंबला येणारच हुते, नानीला तसं सांगितलं हुतं. इचारा तिला…

कुठला फोटो?… कुणी टाकला?… ‘कळंबच्या लेकीनं परदेशी पाव्हणे आणले’… व्हय. आलं ध्यानात…

मी हसत न्हवते तात्या. फोटो काढताना तोंड तसं व्हतं माणसाचं.

अँब्युलन्स कुठवर आलीय?… हितं?… हितं म्हंजे हाटेलाच्या दारात?

तुमी यशाला हितं घिऊन आलाय?

अँब्युलन्समधल्या पेटीत यशराज होता. यशराज म्हणजे तात्याबा आणि नानीचा एकुलता एक. स्वरूपापेक्षा अकरा वर्षांनी लहान. तिचे वडील गेले तेव्हा तात्याबानं तिला आपल्या घरी आणलं, मेंढरांच्या वाड्याशेजारच्या खोलीत तिच्या अभ्यासाला दिवा लावून दिला, आणि पोरगी दिल्लीला मोठ्या कचेरीत लागली तेव्हा गावभर पेढे वाटले. यशराज तिला आक्का म्हणायचा.

दोन वर्षांमागं आपण आणि पूर्वेकडचा एक लहानसा देश यांच्यात ठरलं की एकमेकांच्या माणसांना व्हिसा मागायचा नाही. पासपोर्ट दाखवायचा आणि आत जायचं. आधी चाचणी, मग कायमचं. ज्या टेबलावर तो मसुदा तयार झाला त्या टेबलाशी बसलेली सगळ्यांत तरुण अधिकारी स्वरूपा होती. यशराज त्याच वाटेनं गेला. हॉटेलात काम आहे असं एका एजंटानं सांगितलं. कोऱ्हाळे बुद्रुकचा ऋषिराज आणि तालुक्यातली आणखी तीन पोरं बरोबर होती. विमानतळावरून त्यांना थेट उंच भिंतीच्या एका आवारात नेलं, पासपोर्ट काढून घेतले आणि दिवसाचे सोळा तास फोनवरून माणसं फसवायच्या कामाला बसवलं. जो नाही म्हणायचा त्याला मारायचे. असं आवार आमच्याकडं नाहीच, असं तो देश आजवर सांगत आला होता. यशराजच्या कागदावरही मरणाचं कारण लिहिलं होतं, चौथ्या मजल्यावरून पडून. आणि आता सवलत कायमची करायची शेवटची बोलणी पुण्यात झाली होती. उद्या सकाळी सह्या होत्या. मधला एक दिवस मोकळा, म्हणून पाहुण्यांना बारामतीची शेती आणि उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी दाखवायला आणलेलं.

बाहेर काहीतरी भडकलं. शटरच्या फटीतून केशरी उजेड आत आला.

तात्या, गाडी कुणी पेटवली?… मोजू नका ओ, एक काय आन् तीन काय, गाड्या जाऊ द्या. माणसं लांब करा, टाकी फुटंल…

तात्या, तुमच्या डाव्या अंगाला बघा. इजेच्या खांबापाशी. कुणाला हाणतायत ती?

स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी तिनं बोटांनी वाकवली होती. खांबापाशी पाचसहा जण कुणाला तरी तुडवत होते. एकाच्या हातात उसाच्या कोयत्याचा दांडा होता, नुसता दांडा, आणि तो शेतातलं काम उरकावं तसा शांतपणे वर-खाली होत होता. खाली पांढरा शर्ट दिसत होता. आता तो पांढरा राहिला नव्हता.

सरकारी माणूस न्हाय त्यो. ड्रायवर हाय… ऐका, मला काय बोलायचं ते बोला, पण आधी त्याला सोडवा… व्हय, तुमच्या पोराला कुणी सोडवलं न्हाय. खरं हाय. पण त्याचं तोंड तर बघा एकदा… रगातानं वळखू येत न्हाय?

मग मी सांगते. संदेश हाय त्यो. कोऱ्हाळ्याचा. ऋषीचा भाऊ.

हॅलो?… ऐकलं का तात्या? ऋषीचा थोरला भाऊ. पाव्हणे कुठल्या देशाचे हायेत ते कळलं म्हणून त्यानं ही ड्युटी मागून घेतली हुती. सकाळी गाडीत बसताना मला म्हणला, मॅडम, माझा भाऊ तिकडं हाय, पाव्हण्यांच्या मोठ्या बाईंच्या कानावर घाला. मी म्हणले, संध्याकाळी घालते… तात्या?

फोन हातात तसाच ठेवून म्हातारा पळत होता. तिला पायतणांचा फटफट आवाज आला, कुणाचं तरी विव्हळणं आलं, तात्याबाची आरोळी आली, जी तिनं लहानपणी लांडगा आल्यावर ऐकली होती. मग कुणीतरी लाकडावर लाकूड मारावं तसा आवाज झाला, दोनदा, आणि फोन कुठंतरी आपटला.

हॅलो?… तात्या?… तात्या, बोला की…

आत मालक देवाचं नाव घेत होता. पाहुणे पाच होते, चार पुरुष आणि त्यांच्या प्रमुख बाई. बाई साठीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्या टेबलाखाली न जाता भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. बंदोबस्ताचे दोन शिपाई होते. एकाचं डोकं फुटलं होतं. दुसरा, विशी-बाविशीचा, खिडकीच्या जाळीतून बंदुकीची नळी बाहेर काढत होता.

स्वरूपानं फोन खांद्यात दाबला आणि नळीवर हात ठेवला. खाली घ्या, ती म्हणाली. पोरगा म्हणाला, मॅडम, ते आत आले तर आपल्याला कापतील. ती म्हणाली, तुम्ही एक गोळी घातलीत तर नक्की कापतील. नळी खाली आली, पण त्याचं बोट काही चापावरून हललं नाही.

हॅलो?… हां, हां, हाय मी. बोला… लागलं तुमाला?… कुठं, डोक्यात?… कुणी मारलं?

आपल्याच माणसानं?

बसा जरा तिथंच… न्हाय बसत, बरं. संदेशचा श्वास चालू हाय का?… छातीवर हात ठिवा… चालू हाय ना? डोळा?… बाहेर म्हंजे?… बरं. बरं. दाबू नका तिथं. एका कुशीवर वळवा त्याला, तोंडातलं रगात बाहेर येऊ द्या. नाकात न्हाय गेलं पायजे… त्याला दवाखान्यात न्यायला पायजे तात्या. बारामतीला. गाडी…

गाडी हाय की. अँब्युलन्स हाय.

…

व्हय. म्हाईत हाय मला. यशा हाय तिच्यात.

…

न्हाय म्हणत मी तसं. आपलं पोर रस्त्यावर ठिवा असं कसं म्हणीन… बरं. र्‍हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या आता ते.

पोलीस?… यायला लागलेत. रस्ता दोन्हीकडनं तुंबलाय, अर्धा तास तरी… तुमाला भ्या घालत न्हाय, खरं सांगते. पर ते यायच्या आत हे मिटलं न्हाय तर ते गोळ्याच घालत येतील. तुमी पुढची माणसं मागं घ्या… ऐकत न्हाईत?… निम्मी वळखीचीबी न्हाईत?

तेच आता म्हाताऱ्याला कळून चुकलं होतं. कळंबहून दोन टेम्पो भरून निघाले तेव्हा सगळी घरची, भावकीतली माणसं होती. हायवेला आल्यावर धाब्यावरची, पेट्रोलपंपावरची, कुठली कुठली माणसं मिसळली. त्यांना यशराज माहीत नव्हता. त्यांना नुसती आग माहीत होती. पेटवायला एक तात्याबा पुरला, विझवायला शंभर पुरले नसते.

तेवढ्यात मागच्या दाराखालून ओल आत सरकत आली. वास डिझेलचा होता.

तात्या. तात्या, मागच्या दाराला जा. पळा. डिझेल वततायत… आत सिलेंडर हायेत, चार भरलेले. दाराला लागूनच… न्हाय, बाहेर काढता येत न्हाईत, दाराला बाहेरनं काय तरी आडवं लावलंय त्यांनी… तात्या, हे पेटलं तर तुमचे दीडशेबी जातील…

मालक आणि शिपाई सिलिंडर ओढत पुढच्या खोलीत नेत होते. स्वरूपा दाराला कान लावून उभी राहिली. दाराच्या पलीकडं झटापट झाली. काडी ओढल्याचा आवाज तिला खरंच आला की भास झाला, हे तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. मग लोखंड हाडावर बसल्याचा आवाज मात्र आला, आणि एक माणूस गुरासारखा ओरडत लांब पळत गेला. तात्याबाच्या खांद्यावर कायम असायची ती धनगरी कुऱ्हाड. तिचा तुंबा, मागची बोथट बाजू, चालला होता, पातं नाही.

…त्याचं मनगट?… मोडलं तर मोडलं… तुमी दाराला पाठ लावून हुबं ऱ्हावा. मी अलीकडं हुबी हाय. मधी फळी हाय फकस्त… व्हय, मला ऐकू येतंय. फोनातनंबी येतंय आन् फळीतनंबी.

आता सांगा, काय पायजे तुमाला? माणसाला काय तरी पायजे असतं तात्या. उगा न्हाय आला तुमी हितं.

…

बाईनं बाहेर यावं. बरं. आन् मग?… पेटी उघडणार, आन् बाईनं बघावं. एवढंच?… कुणी हात लावणार न्हाय तिला?… तुमी लावणार न्हाय म्हणून चालत न्हाय, बाकीचे… बरं. थांबा. इचारते.

तिनं बाईंना सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. बाईंच्या शेजारचा उंच माणूस मधेच म्हणाला, शक्य नाही. आमच्या सरकारनं लिहून दिलंय की तो पडून मेला. बाईंनी प्रेत पाहिलं की तो कागद संपला, आणि कागद संपला की उद्याची सही संपली. तो घाबरून बोलत नव्हता. तो आपलं काम करत होता. स्वरूपाला त्याचा राग आला नाही, कारण दोन वर्षं तीही हेच काम करत आली होती.

तात्या, ते म्हणत्यात, तो पडला… मला नगा शिव्या दिऊ, मी त्यांचं सांगते… कशावरनं म्हणता?… पेटी उघडली? कधी? कुणी?… नानीनं?

नानीनं बघितलं?

फोटो हायेत?… पाठवा. मी दाखवते बाईला. मला?… मलाबी बघू द्या.

एकामागं एक तीन फोटो आले. पहिल्यात मनगटं होती, आणि मनगटांभोवती तारेनं मांस हाडापर्यंत कापत गेलेली खाच. दुसऱ्यात उजव्या हाताची बोटं होती, नखं नसलेली. तिसऱ्यात तळपाय. त्यावर भाजल्याचे गोल काळे डाग, सारख्या अंतरावर, कुणीतरी सावकाश, वेळ घेऊन उठवल्यासारखे. डाव्या पायाच्या करंगळीशेजारची जन्मखूण तशीच होती. त्या पायांना तेल चोळून तिनं त्याला मांडीवर निजवलं होतं.

तिनं फोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी चष्मा लावला. दुसरा फोटो त्यांनी बोटांनी मोठा केला आणि खूप वेळ पाहिला. मग त्यांनी स्वरूपाला एकच विचारलं, हलक्या आवाजात. हे तुला माहीत होतं का? आणि फोन परत कानाला लागला तेव्हा पलीकडून म्हातारा तेच विचारत होता.

…

ऐकलं मी. काय इचारलं ते ऐकलं.

तात्या, तुमच्या फोनचा आवाज मोठा व्हतो का?… अँब्युलन्सच्या ड्रायवरकडं भोंगा असंल. त्याच्या माईकला फोन लावा… सगळ्यांना ऐकू द्या. मला एकदाच बोलायचंय, दोनदा जमणार न्हाय… दार सोडून कसं जाल? मग भावकीतलं कुणी हुबं करा दाराला. कुणीबी विश्वासाचं… एक म्हातारा हाय म्हणता? चालंल. जा तुमी.

मिनिटभर नुसती गडबड. मग बाहेर भोंगा किंचाळला, आणि स्वरूपाला आपलाच श्वास हायवेवर घुमताना ऐकू आला. दगड थांबले नाहीत, पण कमी झाले.

मी स्वरूपा बोलतेय. तात्याबाची पुतणी. आतनं बोलतेय… मारा दगड, मारायचे तर. पर ऐका.

व्हिसा नको म्हणून जो कागद झाला, तो लिवायला मी हुते. गेल्या साली त्याची मुदत वाढवायची येळ आली. तेव्हा माझ्याकडं अकरा अर्ज आले हुते. अकरा आया-बापांचे. पोरं तिकडं जाऊन गप झाली, फोन लागत न्हाईत, असे. मी त्या कागदात एक वळ लिवली, की चौकशी होईस्तवर ही सवलत बंद ठिवावी. पलीकडच्या माणसांना ती वळ नको हुती. ती ऱ्हायली असती तर बोलणी मोडली असती. मग मी ती खोडली. कुणी हात धरला न्हाय माझा. माझ्या पेनानं मी खोडली.

त्याच्यानंतर दोन महिन्यांनी यशाचा फोन आला. आक्का, खरंच व्हिसा लागत न्हाय का तिकडं? मी मिटिंगमधी हुते. मी म्हणले, न्हाय लागत, जा. एवढंच बोलले आन् फोन ठिवला.

मला म्हाईत हुतं का, तर व्हय. म्हाईत हुतं.

बाहेर आता कुणीच दगड मारत नव्हतं. जळत्या गाडीचं टायर फुटल्याचा आवाज झाला, त्यावरही कुणी ओरडलं नाही. भोंग्यातून तात्याबाचा श्वास येत होता, खरखरीत, आणि त्याच्यामागं एका बाईचं रडणं. ती म्हाळसा होती, यशराजची आई, स्वरूपाची नानी, पेटीला धरून गाडीत बसलेली.

तात्या?… बोला काय तरी…

…

व्हय. येते. मी पयली येते, बाई माझ्या मागनं.

बाई आधीच शटरपाशी जाऊन उभ्या होत्या. उंच माणसानं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि आपल्या भाषेत त्याला काहीतरी दोनच शब्द बोलल्या. शिपाई म्हणाला, मॅडम, मी येतो बरोबर. स्वरूपानं त्याला बंदूक मालकाकडं देऊन ये म्हटलं. त्यानं ती दिली.

तात्या, शटर उघडतंय… किती लांब हाय तुमी?… दिसत न्हाय, धूर लय हाय. कुठनं येऊ?… डाव्या हातानं. खांबाकडनं. बरं… फोन ठिवत न्हाय, तुमी बोलत ऱ्हावा, मी आवाजावर येते…

ती वीस-पंचवीस पावलं होती. माणसं बाजूला सरकत होती, पण जेमतेम खांद्याएवढी. कुणाच्या हातात गज, कुणाच्या हातात उसाचं कांडं, कुणी नुसता थुंकला आणि ते स्वरूपाच्या गालावर पडलं. तिनं पुसलं नाही. खांबापाशी संदेश एका कुशीवर पडला होता आणि कुणीतरी आपला फेटा त्याच्या डोक्याखाली ठेवला होता. दहाव्या पावलाला मागून फेकलेला दगड बाईंच्या कानशिलावर बसला. बाई गुडघ्यावर आल्या. गर्दीतून एक हुंकार उठला, आणि त्या क्षणी सगळं पुन्हा सुरू झालं असतं.

तात्या, बाईला लागलं… न्हाय, उठतायत त्या. उठल्या. पोरांना म्हणावं थांबा. ती येतीय. बघा, रगात पुसतबी न्हाय, तशीच येतीय… वाट द्या म्हणावं तिला. म्हातारी हाय.

भोंग्यातून तात्याबा ओरडला तेव्हा पुढची फळी खरोखरच मागं सरली. अँब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं. म्हाळसानं पेटीवरचं घोंगडं स्वतः बाजूला केलं. बाई पायरीवर चढल्या, वाकल्या, आणि त्यांनी पाहिलं. फोटोत हात-पाय होते, चेहरा नव्हता. चेहरा त्यांनी आत्ता पाहिला. त्यांच्या कानशिलातलं रक्त गालावरून ओघळून पेटीच्या कडेवर टपकत होतं, आणि म्हाळसानं आपल्या पदराच्या टोकानं ते पुसलं. कडेवरचं, बाईंच्या गालावरचं नाही.

बाई बोलायला लागल्या. स्वरूपा त्यांच्या शेजारी उभी राहून फोनमध्ये बोलत गेली, आणि भोंगा ते सगळ्यांना सांगत गेला.

ऐका. बाई बोलतायत, मी त्यांचं सांगतेय. त्या म्हणत्यात… हा पोरगा पडला न्हाय. ह्याला मारलाय. आमच्या देशात मारलाय… त्या म्हणत्यात, ते आवार हाय. कुठं हाय ते आमाला म्हाईत हाय. तिथं आणखी पोरं हायेत, तुमची चार, दुसऱ्यांची कितीतरी… त्या म्हणत्यात, हे मी आज पयल्यांदा बोलतेय, आन् हे बोलल्यावर माझी नोकरी ऱ्हाणार न्हाय. पर बोललेलं आता मागं घेता येणार न्हाय. तुमच्या हातात फोन हायेत, तुमी हे सगळं घेतलंच असंल… त्या म्हणत्यात… एवढंच.

ते खरंच मागं घेता आलं नाही. पन्नासभर फोनांत ते उतरलं होतं आणि पाहुणे पुण्याला पोचायच्या आत सगळीकडं गेलं. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. आठवड्यात सवलतच थांबली आणि त्या देशाला आपल्याच आवाराचं दार फोडावं लागलं. चोवीस दिवसांनी ऋषिराज आणि दोघं परत आले. चौथा आला नाही, त्याची पेटीही आली नाही. बाईंना घरी बसवलं. स्वरूपाला नोटीस आली आणि तिनं जे भोंग्यावर सांगितलं तेच उत्तरात लिहून दिलं. दंग्याच्या गुन्ह्यात पहिलं नाव तात्याबाचं लागलं. ते त्यानं स्वतःच जाऊन लावून घेतलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या घडीला हायवेवर धूर होता, गर्दी पाठीमागून एकेक करून गळत होती, आणि स्वरूपा व तात्याबा अँब्युलन्सच्या दोन बाजूंना उभे होते. मधे गाडी होती. दोघांच्याही कानाला फोन तसेच होते. समोर येऊन बोलायला दोघांचाही पाय उचलत नव्हता.

तात्या…

व्हय, हाय. ह्याच बाजूला हाय…

तुमच्या डोक्यातनं येतंय अजून. बांधा काय तरी… बरं.

मी माफी मागत न्हाय. मागून मिळायची न्हाय, मला म्हाईत हाय… व्हय. घरी येईन. नानीनं दारात हुबं केलं तर आत, न्हायतर अंगणात…

काय म्हणला?

संदेश?… हाय अजून. श्वास हाय, मगाशी बघितला मी. पर घशातनं घरघरतंय. बारामती अर्धा-पाऊण तास…

…

तात्या, मी बोलले न्हाय. मगाशी बोलले ती चूक झाली, मी परत मागितली न्हाय गाडी…

…

नानी काय म्हणती?… तीच म्हणती, यशाला खाली घ्या?

गाडीच्या पलीकडून म्हाळसा खाली उतरल्याचा आवाज आला. तिनं बाजूला केलेलं घोंगडं ओढून घेतलं आणि रस्त्याच्या कडेला, जिथं काचा कमी होत्या, तिथं ते नीट चारी कोपरे ताणून अंथरलं. मग उभी राहिली आणि वाट बघू लागली.

बरं… व्हय, जड हाय. चार माणसं तरी… पुढनं तुमी आन् शिपाई धरा, मागनं मी हाय, आन् बाई म्हणतायत, मलाबी धरू द्या… धरू दे ना तिला? बरं.

सावकाश घेऊ. पायाकडनं आधी.

ठिवते तात्या फोन. दोन्ही हात लागतील.